शून्यं नसलेली नाणी

जर्मनीतल्या महागाईची नाणी जमवते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास एकच फर्माईश करतो: सगळ्यात जास्त शून्यं असलेलं दाखवा. त्याने कुठेतरी ते फोटो पाहिलेले असतात. नोटांच्या गड्ड्यांचे मनोरे रचणारी पोरं, नोटा घालून पेटवलेली शेगडी. मी पाचशे मार्कांचं नाणं त्याच्या हातावर ठेवते. १९२३ सालचं, ॲल्युमिनियमचं, हातात काही ठेवलंय हे कळूही नये इतकं हलकं. दोनच शून्यं बघून माणूस हिरमुसतो. आमच्या आईने तर ते पहिल्यांदा हातात घेतलं आणि, "हे जर्मनचं होय? आपल्या पातेल्यासारखं?" असं म्हणून लगेच परत दिलं. तिच्या लेखी विषय तिथेच संपला.

मला ज्यांनी धरून ठेवलं ती नाणी याहून गरीब. पाच, दहा, पन्नास फेनिगची. शंभर फेनिगांचा एक मार्क, म्हणजे ही नुसती चिल्लर. लोखंडाची, जस्ताची, कडा ओबडधोबड, कुठे मधोमध भोक, आठ कोनांची किंवा चौकोनी. त्यांच्यावर जर्मनी हा शब्द बहुधा नसतोच. गावाचं नाव असतं. कित्येकदा शेजारच्या गावातही ती चालत नसत.

मी परळ-लालबाग भागातल्या एका बँकेत कॅशियर होते. नोकरीची बहुतेक वर्षं काउंटरच्या काचेमागे गेली. नोटा मोजणं, शंभराची पाकिटं बांधणं, फाटक्या नोटा वेगळ्या काढणं, संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत कुणाशी नीट न बोलणं. बाहेरच्यांना वाटतं की कॅशियरला मोठ्या रकमेची धास्ती असते. तसं नसतं. मोठी रक्कम पाकिटात येते, पाकिटात जाते. जीव खाते ती चिल्लर. चिवडा गल्लीतला दुकानदार सकाळी सकाळी येऊन, "ताई, पाच-दहाची नाणी द्या ना, गिऱ्हाईक परत जातंय," म्हणतो आणि आपल्या पिशवीत नाणी नसतात, तेव्हा त्या दुकानदाराच्या खात्यात किती लाख आहेत याला काडीची किंमत नसते. खात्यातले पैसे त्याच्या गल्ल्यात सुट्टे होऊन पडल्याशिवाय धंदा चालत नाही.

म्हणून जर्मनीची गोष्ट मला शून्यांपासून सांगावीशी वाटत नाही. ती ऑगस्ट १९१४ पासून सांगायला हवी. युद्ध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत तिथल्या बाजारातून सुट्टे पैसे नाहीसे झाले. लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. पुढे तांबं आणि निकेल लढाईच्या कामाला लागलं, त्या धातूंची नाणीही गेली. पगार द्यायला नोटा होत्या, पाव विकत घ्यायला नाणं नव्हतं. तेव्हा नगरपालिकांनी, जिल्ह्यांनी, कारखान्यांनी, ट्राम कंपन्यांनी आपापले पैसे काढायला सुरुवात केली. कायद्याने हा हक्क त्यांचा नव्हता. पण सरकारलाही दुसरा इलाज सुचत नव्हता, त्याने कानाडोळा केला. न्युरेंबर्गच्या लाउअरसारखे बिल्ले-पदकं पाडणारे कारखाने एका गावामागून एका गावाची ऑर्डर पुरी करत बसले. महागाईचा भडका उडाला तो आठ-नऊ वर्षांनंतर. माझ्या डब्यातली निम्म्याहून जास्त 'महागाईची नाणी' महागाईच्या आधीचीच आहेत, आणि हे सांगितलं की विकणारेसुद्धा थोडे नाराज होतात. 'हायपरइन्फ्लेशन' म्हटलं की माल लवकर जातो.

जमवणं तसं सोपं आणि स्वस्त. सोन्याच्या मोहोरांच्या वाटेला आमच्यासारख्यांनी जाऊ नये. फोर्टातल्या फुटपाथवर, दादरला हॉलमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांत, चोरबाजारात 'फॉरेन मिक्स'च्या टोपल्या असतात. केनिया, हंगेरी, मलाया, सगळ्या जगाची चिल्लर एकत्र, कुठलंही उचला, भाव एक. त्यात बोटं घालून बसायचं. माझ्या पर्समध्ये एक लोहचुंबक असतो. मोठ्या व्यापाऱ्याला तो दिसला की तो आठ्या घालतो, टोपलीवाल्याला काही वाटत नाही. चुंबकाला चिकटलं आणि त्यावर जुनी टोकदार जर्मन अक्षरं दिसली की अर्धं काम झालं. ही अक्षरं मला वाचता येत नसत. गिरगावातल्या एका चाळीत राहणारे एक काका रंगांच्या कंपनीत होते, जर्मन शिकलेले. रविवारी नाणी घेऊन जायचं, काका भिंगातून वाचायचे, काकू चहा ठेवायच्या. "हे बघ, याला ते युद्धाचा पैसा म्हणतायत. आणि इथं लिहिलंय सुट्ट्याच्या बदल्यात." मी वहीत उतरवून घ्यायची. वाल्टर फुंकची यादी नंतर हाती आली, तीत या गावांच्या नाण्यांना रीतसर नंबर दिलेले आहेत. पण काकांकडून ऐकलेलं जास्त लक्षात राहिलं.

विकत घेण्यापेक्षा टिकवणं कठीण. लोखंडाचं नाणं मुंबईत आणायचं म्हणजे त्याच्याशी पावसाळाभर भांडायचं. जूनमध्ये आमच्या भिंतींना ओल येते, तिथे शंभर वर्षांच्या लोखंडाची काय कथा. एका रात्रीत तांबूस ठिपके उठतात आणि ते पुसायला जावं तर अक्षरंही पुसली जातात. जस्ताचं दुखणं वेगळं, त्याला पांढरा भुगा धरतो. प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांनी तर घात होतो, काही दिवसांनी नाणं चिकट व्हायला लागतं. लोखंड आणि जस्त वेगवेगळ्या घट्ट डब्यांत, प्रत्येक डब्यात औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि दसऱ्यापर्यंत डबा उघडायचा नाही, हा माझा नियम. पाहुणे श्रावणात आले तर त्यांनी फोटो बघावेत.

मायसेनच्या चिनीमातीच्या नाण्यांना मात्र पावसाची भीती नाही. कपबशांसाठी नावाजलेल्या त्या कारखान्याने १९२०-२१ च्या सुमाराला सॅक्सनी राज्यासाठी आणि इतर गावांसाठी तपकिरी आणि पांढऱ्या मातीची नाणी भाजली. खाली दोन तलवारींची त्यांची खूण. बीलफेल्डच्या बचत बँकेने रेशमावर, लिननवर, मखमलीवर पैसे छापले. गाव कापडाचं, मग पैसाही कापडाचा. ओस्टरवीकने कातड्यावर छापले. पाच-दहा फेनिगचं टपाल तिकीट पत्र्याच्या डबीत बसवून, मागे दुकानाची जाहिरात, असंही नाणं चाललं. यातली बरीचशी हौस संग्राहकांसाठी होती हे खरं. लोक हे पैसे कपाटात ठेवतात आणि परत मागायला येत नाहीत, म्हणजे गावाला फुकटचा फायदा, हे नगरपालिकांनी लवकरच ओळखलं. मग गोष्टींची चित्रं असलेल्या मालिकाच निघाल्या. हामेलिनच्या उंदीर पकडणाऱ्या बासरीवाल्याची घ्या. १९२२ मध्ये सरकारने त्यांना आळा घातला. मी त्या रंगीत कागदांच्या फंदात पडले नाही. जो पैसा खर्चायचाच नाही म्हणून छापला, तो बघून मला काउंटरवाल्या बाईला काय कळणार?

मला कळतात ती झिजलेली. आखेनचा १९२० चा 'ओशर ग्रोशे' घ्या. नाण्यावर गावच्या बोलीतलं नाव, गावच्या दंतकथेतली चित्रं. राजधानीत बसून कुणी ही भाषा नाण्यावर येऊ दिली नसती. ते नाणं चाललं कशाच्या जोरावर? त्यात ना चांदी, ना सोनं, ना केंद्रीय बँकेची सही. पाववाल्याला माहीत होतं की नगरपालिकेचा खजिनदार कुठे बसतो, आणि खजिनदाराला माहीत होतं की पाववाला उद्या दारात येईल. बस्स, एवढंच. काही चिठ्ठ्यांवर तर मुदत लिहिलेली असे: तह झाल्यानंतर सहा महिन्यांपर्यंत बदलून मिळेल. तह कधी होणार हे कुणाला ठाऊक नव्हतं, तरी लोक घेत होते.

हे वाचताना मला लालबागचं उधारीचं खातं आठवतं. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. पगार बंद. घरात पैसा नव्हता, पण वाण्याची वही होती. लाल बांधणीची, प्रत्येक बिऱ्हाडाचं एक पान. तांदूळ दोन किलो, तेल पाव, साबण एक. आई सही करायची नाही, वाणी तिच्यादेखत आकडा लिहायचा. खानावळवाल्या बायका एकटे राहणाऱ्या कामगारांना जेवू घालतच राहिल्या. अन्नपूर्णा महिला मंडळ याच बायकांच्या कर्जासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये उभं केलं होतं, सावकारी व्याजातून त्यांना सोडवायला. ती वही म्हणजे गिरणगावाने स्वतःपुरतं काढलेलं चलन होतं. चाळीबाहेर तिला किंमत शून्य. आणि तिलाही मुदत होती, फक्त ती पानावर लिहिलेली नव्हती. कुठल्या वाण्याचा धीर सहा महिन्यांत सुटला, कुठल्याचा दोन वर्षांनी. आमचा वाणी कधी बोलला नाही, पण नंतरनंतर तेल पाव किलोचं दीड पाव मागितलं की तो वहीकडे जरा जास्त वेळ बघायचा, हे मला लहानपणीही दिसत होतं.

या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो मी विसरू देत नाही. वाण्याने आपल्या खिशातलं दिलं. गावांनी पैसे छापले.

बॉन शहराच्या १९२० च्या लोखंडी नाण्यांवर बेथोव्हनचा चेहरा आहे. त्याचं ते जन्मगाव आणि जन्माचं दीडशेवं वर्ष. माझ्याकडचं पन्नास फेनिगचं नाणं मी सहसा कुणाच्या हातात देत नाही, आणि त्याचं कारण बेथोव्हन नाही. ते नाणं चलनात असण्याच्या काळात, १९२१ साली, बॉन विद्यापीठात नाव नोंदवणारा एक विद्यार्थी आमच्या परळचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बिऱ्हाड तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीत होतं. लंडनला त्यांचा प्रबंध चालू होता तो रुपयावर. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक लंडनमध्ये निघालं ते १९२३ साली. मार्क कागदाच्या मोलाचाही उरला नव्हता, ते हेच वर्ष. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण हे पुस्तक नोकरीत असताना थोडं थोडं करून वाचलं आणि एक गोष्ट नीट समजली. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञांना आवडणारी व्यवस्था अशी होती की रुपया किती पाडायचा ते सरकार ठरवेल आणि सोन्याशी त्याचा भाव सांभाळेल. बाबासाहेबांचा आक्षेप त्या 'सरकार ठरवेल'वर होता. ज्याच्या हातात टांकसाळ, त्याच्या मनावर सामान्य माणसाची कमाई सोडता येणार नाही. नाणी पाडण्याला मर्यादा हवी, टांकसाळ रुपयासाठी लोकांना जशी बंद आहे तशी सरकारलाही बंद हवी. १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी हेच मांडलं. रुपयाची किंमत घसरली की पगारावर जगणारा आधी मरतो, हे चाळीतल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

जर्मनीत ती मर्यादा सुटली. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा ऱ्हुरच्या कोळशाच्या पट्ट्यात शिरल्या, तिथल्या कामगारांनी काम बंद केलं, आणि त्या बसलेल्या कामगारांचे पगार सरकारने नोटा छापून दिले. हेतू वाईट नव्हता. युद्धाच्या आधी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. आकडे तेच, मध्ये बारा शून्यं. कामगाराला दिवसातून दोनदा पगार मिळे आणि बायको कारखान्याच्या दारात पिशवी घेऊन उभी असे, की संध्याकाळपर्यंत भाव वाढायच्या आत पाव घ्यावा. आमच्याकडेही पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात बायका उभ्या असत, पण त्यांची शर्यत पठाण सावकाराशी आणि गुत्त्याशी होती. नाणी तर या काळात मागेच पडली. २०० आणि ५०० मार्कांची ॲल्युमिनियमची नाणी पाडून होईपर्यंत त्यांना काही येईनासं झालं, म्हणून ती आज इतकी कोरी आणि इतकी स्वस्त मिळतात.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठला पंतप्रधानांनी पाचशे-हजारच्या नोटा बाद केल्या तेव्हा मी नोकरीत होते. नऊ तारखेला बँका बंद, दहाला उघडल्या. चलनातल्या एकूण किमतीपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. ते दिवस सगळ्यांनीच सांगून झालेत, मी रांगा परत उभ्या करत नाही. पण एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात आली नाही असं मला वाटतं. आम्ही काचेतून जी नवी नोट देत होतो ती दोन हजारांची होती. पाचशेची नवी नोट मागाहून हळूहळू आली. शंभराच्या होत्या तेवढ्या कधीच संपल्या. एटीएमच्या खणात नव्या मापाची नोट बसत नव्हती. म्हणजे माणूस तासन्‌तास उभा राहून, बोटाला शाई लावून, गुलाबी नोट घेऊन बाहेर पडे आणि तिचा चहा पिऊ शकत नसे.

आमच्या शाखेत केईएम आणि टाटा हॉस्पिटलात आलेल्यांचे नातेवाईक पुष्कळ येत. सोलापूर, लातूर, बिहारमधूनही. सरकारी इस्पितळांत जुनी नोट काही दिवस चालत होती, पण समोरच्या वडापाववाल्याकडे नाही, धर्मशाळेत नाही. एक बाई नवी दोन हजारांची नोट घेऊन तासाभरात परत आली. "ताई, ही परत घ्या, मला जुनीच द्या. ती निदान दवाखान्यात तरी चालत होती." मी तिला माझ्या ड्रॉवरमधून काय दिलं ते रजिस्टरमध्ये बरोबर आहे, तेवढंच सांगते. पुढच्या दिवसांत करन्सी चेस्टमधून दहाच्या नाण्यांच्या पिशव्या आल्या. आधी लोक त्या घेताना कुरकुरत. नंतर दुकानदार त्याच पिशव्यांसाठी मागे लागले. त्याच सुमाराला दहाचं नाणं खोटं असल्याची अफवा पसरली, रुपयाची खूण असलेलं आणि नसलेलं, दहा रेघांचं आणि पंधरा रेघांचं. रिझर्व्ह बँकेला शेवटी २०१८ मध्ये चौदाही नमुने खरे असल्याचं सांगावं लागलं. नाण्यावर सरकारची मोहर होती, पण ते चालणार की नाही हे भाजीवाली ठरवत होती.

आणि तेव्हाच मला दिसलं की लालबाग पुन्हा आपलं चलन काढतंय. दूधवाल्याने महिनाअखेरपर्यंत लिहून ठेवायला घेतलं. मसाला कांडून देणाऱ्याने चिठ्ठीवर 'जमा ४०' लिहून सही केली. केमिस्टने औषधाच्या पट्टीच्या मागे 'बाकी १५' लिहिलं. ती चिठ्ठी मी मागून घेतली, ती आखेनच्या नाण्याशेजारी आहे. तिच्यावरही गाव आहे, सही आहे. मुदत नाही.

आजीच्या तोंडून दुसऱ्या महायुद्धाचे दिवस ऐकलेले असल्यामुळे मला याचं फार नवल वाटलं नाही. १९४२-४३ मध्ये मुंबईतही चिल्लर अशीच गडप झाली होती. आधी १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोट पुन्हा काढली, लोकांनी जुना चांदीचा रुपया दडवला आणि मागोमाग तांबंही. मग १९४३ ला भोकाचा पैसा आला, धातू वाचवायला मधला भाग काढलेला. काठेवाड-राजपुतान्यातल्या मोरवी, नवानगर, बुंदी, बिकानेरसारख्या संस्थानांनी तर पुठ्ठ्याचे पैसे काढले. जर्मन गावांचं दुखणं, जर्मन गावांचाच इलाज. हे पुठ्ठ्याचे तुकडे आता माझ्या लोखंडी नाण्यांहून महाग झालेत. परदेशातले लोक घेतात.

वेस्टफालियाचं ते एक लाख कोटी मार्कांचं नाणं मला एका व्यापाऱ्याने देऊ केलं होतं. सोनेरी मुलामा, एका बाजूला उधळलेला घोडा, दुसरीकडे फॉम श्टाइन या जुन्या मुत्सद्द्याचा चेहरा. दिसायला देखणं. पण साल १९२३ असलं तरी ते लोकांच्या हातात पडलं तोवर महागाई संपून गेली होती. आठवण म्हणून विकलेली वस्तू आहे ती. त्याने एक पावही कुणी घेतलेला नाही. त्याच्या नकलाही सुटल्यात. मी नको म्हटलं, आणि व्यापाऱ्याला माझी कीव आली असावी.

मला हवं आहे ते हॅम्बुर्गचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९२३ मध्ये बर्लिनला रेंटनमार्कची तयारी चालू होती. १५ नोव्हेंबरला तो आला आणि लाख कोटी जुन्या मार्कांना एक नवा असा हिशेब ठरला. त्याच दिवसांत हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी एक बँक उभी केली, तिच्यामागे सोन्याचा आणि परकीय चलनाचा आधार ठेवला, आणि ॲल्युमिनियमची नाणी पाडली: मार्काचा एक दशांश, पाच शतांश. सगळा देश कोटींत बोलत असताना या लोकांनी पाच पैशांचं नाणं काढलं, आणि ते टिकलं. दशांशाचं नाणं मला दादरच्या टोपलीत मिळालं, चुंबकाला चिकटलं नाही म्हणून कुणी बाजूला टाकलेलं. पाच शतांशाचं अजून नाही. कुणाच्या टोपलीत, आजोबांच्या डब्यात निघालं तर मला कळवावं. माझ्याकडे पाचशे मार्कांची कोरी नाणी दुबार आहेत, हवी तितकी देईन.